सामान कुठे ठेवायचं?

मागच्या वर्षी जूनमध्ये मी बेघर झालो होतो. किती वेळ? नक्की सांगायचं तर पन्नास मिनिटं. पण ही गोष्ट मी हापिसात चहाच्या टपरीवर पुढचे सहा महिने इतक्या वेळा सांगितली, की ऐकणाऱ्याला वाटावं मी वर्षभर फुटपाथवर काढलंय. आज ती परत सांगतोय ती मात्र सहानुभूतीसाठी नाही. तिला एक दुसरा भाग आहे, जो मी टपरीवर कधीच सांगितला नाही.

तर झालं असं. आम्ही तिघं एका टू बीएचकेत राहायचो. लिव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचं, ते मार्चमध्ये संपलं. मालक म्हणाले, "राहा रे, कागद करू सावकाश, उगाच खर्च कशाला." आम्हीही खूश. कागदाचा खर्च वाचला, ब्रोकरचा एक महिना वाचला. जूनमध्ये एका गुरुवारी काकांचा फोन. फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालंय, शनिवारपर्यंत रिकामा करा. आम्ही म्हटलं, काका, निदान पंधरा दिवस तरी द्या. "बघू" म्हणाले. आम्हाला वाटलं, बघू म्हणजे हो. (मराठीत बघू म्हणजे नाही, हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं.) शनिवारी रिलीज होती, रात्री साडेदहाला घरी आलो तर लॅच बदललेलं. गाद्या, पुस्तकं, कपड्यांची बोचकी, मिक्सर, सगळं पार्किंगमध्ये. वरून पावसाची भुरभुर. सेक्रेटरी काका बाल्कनीतून म्हणाले, "ते तुमचं आणि ओनरचं आपसातलं आहे."

मग काय केलं? फोन काढला. औंधला कॉलेजचा मित्र, तो म्हणाला ये. ॲपवरून टेम्पो बोलावला. दोन रात्री मित्राच्या सोफ्यावर, नऊ रात्री पीजीमध्ये क्रेडिट कार्डावर, आणि मग नवा फ्लॅट. डिपॉझिटपैकी अर्धे पैसे अजून यायचेत. एवढंच. पोलिसांना फोन करावा हे डोक्यातही आलं नाही, कारण गरजच पडली नाही.

आता दुसरा भाग.

आमच्याकडे स्वयंपाकाला एक मावशी यायच्या. नव्या फ्लॅटवरही त्याच येत होत्या, दोन बस बदलून. ऑगस्टमध्ये दोन दिवस आल्या नाहीत, फोनही नाही. आम्ही नेहमीप्रमाणे वैतागलो, बाहेरून मागवलं, "सांगून तरी जायचं ना" वगैरे झालं. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "दादा, एक विचारू का? रागावू नका. तुमच्या पार्किंगमध्ये चार दिवस सामान ठेवलं तर चालंल का?"

मला आधी समजेचना. पैसे मागतील असं वाटलं होतं. मग हळूहळू कळलं. चार वर्षं त्या वस्तीतल्या एका खोलीत भाड्याने होत्या. दहा हजार डिपॉझिट हातावर दिलेलं, कागद शून्य. वस्तीत झोपडपट्टी पुनर्वसनाचा सर्व्हे येणार अशी हवा झाली. अशा योजनेत यादीत नाव लागायचं तर खोलीत प्रत्यक्ष कोण राहतं ते बघतात. त्यामुळे सर्व्हेच्या आत भाडेकरू बाहेर काढायची घाई. खोलीमालकाने दोन पोरं पाठवली, आणि एका दुपारी मावशींचा संसार बोळात आला. गॅस सिलिंडर, शेगडी, लोखंडी कपाट, पिंप, गाद्या, टीव्ही, नववीतल्या मुलीचं दप्तर.

पहिली रात्र त्या बहिणीकडे गेल्या. बहिणीची खोली दहा बाय दहा, त्यात आधीच पाच माणसं. दुसऱ्या दिवशी बहिणीच्या नवऱ्याने तोंड फिरवलं. दुसरी रात्र देवळाच्या मंडपात. मावशींचा नवरा रात्रभर बोळात कपाटाला टेकून बसला, कारण सामान उघड्यावर. तो रंगकाम करतो. सकाळी कामावर गेला नाही, म्हणजे त्या दिवसाची हजेरी बुडाली. मावशी तीन घरचं काम करायच्या, त्यातलं एक घर त्याच दिवशी सुटलं. "न सांगता दांडी" हे कारण. माझंही मत दोन दिवसांपूर्वी तेच होतं, हे कबूल करायला हवं.

मी सेक्रेटरींना विचारलं. (वेगळी सोसायटी, वेगळे काका, उत्तर तेच.) पार्किंगमध्ये सामान ठेवायचा नियम नाही. नियम बरोबरच असेल. त्याच पार्किंगमध्ये एका सभासदाचा मोडका सोफा दीड वर्ष पडून आहे, पण तो सभासद.

त्या रविवारी मी लॅपटॉप उघडून बसलो. म्हटलं, आपण इंजिनियर, शोधून काढू. शहरात एका कुटुंबाला आज रात्रीपुरतं छप्पर हवंय, एवढाच तर प्रश्न. आणि संध्याकाळपर्यंत मला जे कळलं, त्यावर हा लेख आहे.

निवारे आहेत. नाहीत असं नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० च्या सुमारास अन्नाच्या हक्काच्या खटल्यात बेघरांसाठी निवारे उभारण्याचे आदेश राज्यांना दिले. २०१३ मध्ये केंद्राचं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं आणि त्यात शहरी बेघरांच्या निवाऱ्याची योजना आली. मोजमाप साधं : शहराच्या दर १ लाख लोकसंख्येमागे १०० माणसांची कायमची सोय, चोवीस तास, बाराही महिने. माणशी किमान ५० चौरस फूट. ते अभियान २०२४ मध्ये संपलं, पण गरज काही संपली नाही. आता गणित करा. पुणे महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३१ लाखांवर होती. म्हणजे तेव्हाच्याच आकड्याने ३१ निवारे आणि ३,१०० माणसांची जागा. तुमच्या घराजवळचा निवारा कुठे आहे, हे नकाशा न बघता सांगा पाहू. मलाही सांगता आलं नाही. मॉल मात्र चार सांगता आले.

एक निवारा सापडला. मी स्वतः जाऊन बघितला. वाईट नव्हता. फरशी पुसलेली, खाटा, पंखे, पाणी, आणि रजिस्टर घेऊन बसलेले एक शांत काळजीवाहक. त्यांनी चहा विचारला. पण तो पुरुषांचा निवारा. "बाई आणि मुलगी दुसरीकडे पाठवता येतील, नवरा इथे. सामान? सामान नाही घेत साहेब. एक पिशवी."

मावशींना सांगितलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, ती जागा ज्यांचं कुणी नाही त्यांची. आमचं सगळं आहे. फक्त खोली नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण आपली सगळी व्यवस्था नेमकी इथेच चुकते आहे असं मला वाटतं. आपण 'बेघर' हा माणसाचा एक प्रकार मानलाय. पुलाखाली झोपणारा, जटा वाढलेला, एकटा, पिशवीवाला. निवारा त्याच्यासाठी बांधला. आणि त्याच्यासाठी दुसरीकडे कायदाही ठेवला : १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, ज्यात भीक न मागता नुसतं उपजीविकेच्या दिसत्या साधनाशिवाय भटकणाऱ्यालाही भिकाऱ्याच्या व्याख्येत बसवता येतं. पण घर जाणं हा माणसाचा प्रकार नसतो, ती एक घटना असते. अपघातासारखी. मंगळवारी दुपारी चार वाजता घडते. अपघात झालेल्याला आपण 'अपघाती जमात' म्हणत नाही, ॲम्ब्युलन्स पाठवतो. घर गेलेल्याला पाठवायला मात्र आपल्याकडे काहीच नाही.

तुम्ही म्हणाल, कायदा आहे की. आहे ना! माझ्यासाठीही होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. करार संपल्यावर लायसन्सी निघत नसेल तर मालकाने कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो, आणि तिथे त्याला दुप्पट भरपाईही मागता येते. लॅच बदलणं हा त्यातला मार्ग नाही. कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर अटींबद्दल वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य. मावशींसाठीही होता : १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या कलम २२ प्रमाणे घोषित झोपडपट्टीतल्या रहिवाशाला काढण्याचा नुसता दावा लावायलाही आधी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. दोन पोरं पाठवायची तरतूद त्यात कुठेही नाही.

आणि याच्याही वर ओल्गा टेलिसचा निकाल. १९८१ च्या पावसाळ्यात तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवून आपापल्या गावी पाठवायचं ठरवलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही रहिवासी कोर्टात गेले. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, आणि माणूस फुटपाथवर राहतो तो कामाजवळ राहण्यासाठी. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल पाठ असतो. पण त्याच निकालाने हटवणं थांबवलं नाही. नोटीस द्या, ऐकून घ्या, पावसाळा संपू द्या, मग हटवा. १३ नोव्हेंबर २०२४ चा बुलडोझरचा निकालही त्याच वळणाचा : पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस हवी, पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगत किंवा नदीकाठच्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण लागू नाही.

म्हणजे आपला कायदा मुख्यतः एकच प्रश्न विचारतो : बाहेर काढलं ते रीतसर का? दुसरा प्रश्न तो क्वचितच विचारतो : मग ती माणसं आज रात्री झोपणार कुठे? गंमत बघा, त्याच १९८१ साली, ऑगस्टमध्ये, न्यूयॉर्क शहराने कॅलहन खटल्यात एक समझोता मान्य केला, की मागेल त्या बेघर पुरुषाला शहर त्या रात्री झोपायला जागा देईल. पुढे ते स्त्रियांना आणि कुटुंबांनाही लागू झालं. न्यूयॉर्कमध्ये सगळं छान आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण तिथे 'आज रात्री'चा प्रश्न कोर्टात निदान मांडला तरी गेला.

रीतसर न्याय मिळायला महिने लागतात. तो मिळावाच. पण मावशींचं नुकसान महिन्यांत झालं नाही, ते पहिल्या तीन दिवसांत झालं. काम सुटलं, हजेरी बुडाली, बहिणीशी बिनसलं, मुलीची चाचणी परीक्षा गेली (दप्तर कपाटात, कपाट गाद्यांच्या ढिगाखाली). यातलं काहीही कोर्ट परत देणार नाही. आणि माझं नुकसान का झालं नाही? मी हुशार म्हणून नाही. मला सोफा होता, कार्ड होतं, आणि माझा अख्खा संसार एका छोट्या टेम्पोत मावला म्हणून. आमच्या भाषेत सांगायचं तर माझा बॅकअप होता. मावशींचा बॅकअप म्हणजे दहा बाय दहाची ती एक खोली, जी आधीच फुल होती.

मग काय करावं? मला तीन गोष्टी दिसतात, आणि तिन्ही अशक्य नाहीत.

एक, दर वॉर्डात कुटुंबासाठी दहा-बारा खोल्या. कायमच्या घरासाठी नव्हे, फक्त तीस दिवस. नवरा-बायको-मुलं एकत्र, आतून कडी लागणारी. दोन, सामानासाठी कुलूपबंद जागा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि कोणत्याच चर्चेत ऐकलेलं नाही. रेल्वे स्टेशनवर क्लोकरूम असते, शहरात का नको? सामान सुरक्षित असेल तर नवरा कामावर जाऊ शकतो, आणि दोघांचं काम टिकलं तर पुढची खोली ते स्वतःच शोधतात. तीन, डिपॉझिटसाठी छोटं बिनव्याजी कर्ज. दहा-पंधरा हजारांसाठी अख्खं कुटुंब रस्त्यावर राहतं, ते महिनाभराचं भाडं देऊ शकत असूनही.

यावर हापिसातल्या एका मित्राने नेहमीचा मुद्दा काढला. "अरे, फुकट मिळालं तर सगळेच येऊन राहतील." खरं सांगू? मी तो निवारा बघितलाय. चांगला असूनही तिथे कुणी मजा म्हणून राहणार नाही. ज्यांचं सगळं आहे, फक्त खोली नाही, ती माणसं खोली मिळाली की तासाभरात निघतात. दुसऱ्या एकाने मालकांची बाजू मांडली, आणि तिच्यात तथ्य आहे. पागडीच्या काळापासून मालकांच्या मनात भीती बसलीय की भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही. त्या भीतीपायीही कितीतरी घरं बंद ठेवली जातात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी होती, आणि शहरी बेघर माणसं सुमारे साडेनऊ लाख. माझं म्हणणं इतकंच, की काढलेल्या माणसाला जायला जागा असेल तर मालकालाही लॅच बदलायची वेळ येणार नाही. भाडेकरू अडून बसतो तो बहुतेकदा पुढे कुठे जायचं माहीत नसतं म्हणून.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आज रात्री कुणावर ही वेळ आली तर माझ्या रविवारच्या शोधातलं एवढं लक्षात ठेवा. जबरदस्ती चालू असेल तर ११२ ला फोन करा, सामानाचा आणि कुलपाचा व्हिडिओ काढा, आणि घाबरून कुठल्याही कागदावर सही करू नका. आधार, रेशनकार्ड, शाळेचे दाखले आधी एका पिशवीत घ्या. रेशन दुसऱ्या भागातल्या दुकानातही मिळतं, पत्ता बदलला म्हणून सोडू नका. १५१०० हा मोफत कायदेशीर मदतीचा नंबर आहे, आणि स्त्रियांना ही मदत उत्पन्न कितीही असलं तरी मिळते. घरातल्याच कुणी मारहाण करून बाईला बाहेर काढलं असेल तर १८१. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये अशा वेळी काही दिवस राहताही येतं, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. म्हाताऱ्या आई-वडिलांना काढलं असेल तर १४५६७. हे नंबर तुमच्याकडे काम करणाऱ्यांना सांगा. तुम्हाला लागणार नाहीत, त्यांना लागतील.

आणि मावशींचं काय झालं? व्यवस्थेने काही केलं नाही. मावशींच्या भिशीतल्या बायकांनी नंबर नसताना त्यांना भिशी आधी उचलू दिली, पंधरा हजार. त्या जिथे पोळ्या करतात त्या एका आजींनी स्वतःचं बंद गॅरेज उघडून दिलं, "किल्ली तुझ्याकडेच ठेव" म्हणाल्या. अकराव्या दिवशी उत्तमनगरच्या बाजूला खोली मिळाली. मी काय केलं? बुडालेल्या दिवसांचे पैसे कापले नाहीत आणि एक टेम्पो बोलावला. तो बोलावताना जाणवलं, ॲप तेच, जूनमधलंच. फक्त सामान चढवायला दोन फेऱ्या लागल्या, कारण तो खरा संसार होता.

परवा सोसायटीची सभा झाली. मी विषय मांडला, की पार्किंगच्या मागची बंद खोली, जिथे जुने पाइप आहेत, ती सोसायटीत काम करणाऱ्या कुणावर अशी वेळ आली तर पंधरा दिवस सामानासाठी द्यावी. बराच वेळ शांतता. मग एक काकू म्हणाल्या, "आमच्याकडची परवाच विचारत होती." ठराव झाला नाही, पुढच्या सभेत घेऊ म्हणाले. "बघू" मात्र कुणी म्हणालं नाही, हे मी नीट ऐकलंय.

पुढची सभा महिनाअखेरीस आहे. पाइप कुठे हलवायचे ते मी आधीच बघून ठेवलंय.